लिंबोणी आणि खिडकीतली बाटली

आमच्या सरकारी क्वार्टरच्या मागच्या अंगणात एक लिंबोणी आहे. दहा वर्षांपूर्वी बायकोने सरबतासाठी कापलेल्या लिंबाच्या बिया कुंडीत खोचल्या. तीन उगवल्या, एक जगली. पाचव्या वर्षी तिला पहिली फुलं आली. आता आमच्या घराला पुरून शेजारच्या दोन घरांनाही लिंबं जातात. रुग्णालयात आयुष्य काढलेल्या डॉक्टरला झाडांवर लिहायचा काय अधिकार, असं कुणी विचारलं तर उत्तर एवढंच, की या झाडाच्या निमित्ताने मी एक चूक केली होती आणि ती बागकामाची नव्हती, माझ्याच पेशातली होती.

चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात लिंबोणीची कोवळी पालवी आठ दिवसांत अळ्यांनी फस्त केली. गावाकडून धाकटा भाऊ आला होता. तो झाडाकडे बघून हसला. "दादा, एवढ्याशा अळ्यांचं काय घेऊन बसलात? झाकणभर औषध पाण्यात टाका, संध्याकाळपर्यंत झाड साफ." पुढच्या खेपेला तो कपाशीवर मारायचं औषध घेऊन आला, शीतपेयाच्या लहान बाटलीत. बाटलीवर लेबल शीतपेयाचंच होतं. रविवारी बघू म्हणून मी ती स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीत ठेवली. रविवार येत गेले, जात गेले. तीन आठवडे ती बाटली रोज माझ्या नजरेसमोर होती आणि मला तिचं काही वाटलं नाही.

मग एका रात्री अपघात विभागात सहा वर्षांचा मुलगा आला. तोंडाला फेस, अंग घामाने थबथबलेलं, श्वासाबरोबर छातीत घरघर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. वडील सांगत होते, परसातल्या कढीपत्त्यावर अळ्या पडल्या होत्या, म्हणून शेजाऱ्याकडून थोडं औषध आणून पाण्यात कालवलं. फवारून उरलेलं भांड्यातच राहिलं. ही औषधं पाण्यात मिसळली की पुष्कळदा दुधासारखी पांढरी होतात. पोराला ते ताक वाटलं.

ॲट्रोपिनची इंजेक्शनं एकामागून एक दिली. छाती मोकळी व्हायला पहाट झाली. बालरोग विभागातल्या सहकाऱ्यांनी त्याला चार दिवस कृत्रिम श्वासावर ठेवला. नवव्या दिवशी तो आईचा हात धरून चालत घरी गेला. सगळ्यांच्या वाट्याला हे येत नाही. त्या पहाटे मी घरी आलो, चहासाठी स्वयंपाकघरात गेलो आणि खिडकीतली बाटली दिसली. माझा पुतण्या तेव्हा पाच वर्षांचा होता आणि दिवाळीला आमच्याकडेच येणार होता.

'औषध' नावाचं विष

आपली भाषा इथे आपल्याला फसवते. शेतात मारतात ते 'औषध'. दुकानात मागतात ते 'फवारणीचं औषध'. आणि अपघात विभागात नातेवाईक सांगतात, "औषध प्यायला." हे शब्द कानावर आले की आमच्या नर्सताई पुढचं काही न विचारता ॲट्रोपिनच्या कुप्या काढायला धावतात.

यातली पुष्कळशी कीटकनाशकं ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली असतात. आपल्या नसा स्नायूंना आणि ग्रंथींना निरोप देतात तो ॲसिटिलकोलिन या रसायनामार्फत. निरोप पोहोचला की एक विकर ते रसायन लगेच मोडून टाकतं, म्हणजे घंटा वाजली आणि थांबली. हे विष त्या विकरालाच निकामी करतं. मग घंटा वाजतच राहते. लाळ, घाम, उलट्या, जुलाब, फुप्फुसात पाझरणारा द्रव, स्नायूंची थरथर आणि शेवटी श्वासाच्या स्नायूंचा थकवा. अळी मरते ती याच मार्गाने आणि माणूसही. अळीची आणि आपली नस या बाबतीत फारशी वेगळी नाही.

विष पोटातूनच जातं असं नाही. त्वचेतून आणि श्वासातूनही जातं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. त्यांनी विष प्यायलं नव्हतं. आणि रिकाम्या डब्याचं म्हणाल तर १६ जुलै २०१३ हा दिवस आठवावा. बिहारमधल्या सारण जिल्ह्यातल्या एका शाळेत माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुलं गेली. त्या अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं होतं.

शेतकऱ्याला कीटकनाशक कधी लागतं, किती लागतं हा वेगळा आणि मोठा विषय आहे. त्याचं पोट त्या पिकावर आहे. पण अंगणातल्या एका लिंबोणीसाठी हे विष घरात आणण्याचं कारण मला आजवर सापडलेलं नाही. शिवाय लिंबाचं लोणचं आपण सालीसकट खातो. शेतात फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही हे लेबलवर लिहिलेलं असतं. घरी मात्र सकाळी फवारलेल्या झाडाचं लिंबू दुपारच्या वरणावर पिळलं जातं.

मग झाड निरोगी कसं ठेवायचं? आम्ही माणसांच्या बाबतीत जे सांगतो तेच. बहुतेक आजार नीट जागा, नीट पाणी आणि नीट अन्न यांनीच टळतात. जो उरेल त्याचं आधी निदान करावं.

जागा, माती आणि रोप

लिंबोणीला ऊन हवं, रोज किमान सहा तास. उत्तरेच्या गॅलरीत कितीही माया केली तरी ती फक्त पानं देईल. अंगण असेल तर दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा करून त्यात पोयट्याची माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत भरावं. गच्ची असेल तर अठरा ते वीस इंचांची कुंडी किंवा अर्धा कापलेला ड्रम घ्यावा आणि तळाला चार-पाच भोकं पाडावीत. नुसती काळी माती कुंडीत भरू नये. पावसाळ्यात तिचा चिखल होतो, उन्हाळ्यात ती भेगाळते. लाल माती किंवा पोयटा, शेणखत आणि थोडी जाडी वाळू असं मिश्रण बरं.

आपल्याकडे घरगुती वापराचं लिंबू म्हणजे कागदी लिंबू. बी लावून आलेलं झाड मूळ झाडासारखंच निघेल का, ही शंका बहुतेक फळझाडांच्या बाबतीत रास्त असते. कागदी लिंबाचं तसं नाही. त्याच्या एका बीत बहुधा एकाहून अधिक अंकुर असतात आणि त्यातले बरेचसे परागाशी संबंध न येता थेट आईच्या पेशींपासून तयार झालेले असतात. म्हणून रोपं बव्हंशी आईवरच जातात. फक्त धीर हवा. बियांच्या झाडाला फळं यायला चार-पाच वर्षं, कलमाला दोन-तीन. रोप विकत घ्यायचं तर कृषी विद्यापीठाच्या किंवा सरकारी रोपवाटिकेतून घ्यावं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं 'साई सरबती', परभणीच्या विद्यापीठाचे 'विक्रम' आणि 'प्रमालिनी' हे वाण आपल्याकडे रुळलेले आहेत.

कलम लावताना जोडाची गाठ मातीच्या वर वीतभर तरी राहू द्यावी. ही गाठ मातीत गाडणं म्हणजे रोगाला बोलावणं.

पाणी: मायेने मारलेली झाडं

घरची लिंबोणी तहानेने क्वचित मरते. ती मरते जास्त पाण्याने. रोज संध्याकाळी नळी लावून ओतलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. मग खोडाच्या बुंध्याशी साल फुटून डिंक गळू लागतो. शेतकरी याला डिंक्या म्हणतात. मातीतली एक बुरशीसारखी सूक्ष्म जात याच्या मुळाशी असते आणि तिला ओल फार आवडते.

म्हणून बोट मातीत दोन पेरं घालून बघावं. कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर उद्या बघू. जमिनीतल्या झाडाला आळं दुहेरी करावं. खोडाभोवती मातीचा छोटा उंचवटा आणि पाणी त्याच्या बाहेरच्या गोल चरात. खोडाला पाणी लागता कामा नये. एवढ्या एका गोष्टीने अर्धे रोग टळतात.

मोठ्या झाडाला फुलं येत नसतील तर खत वाढवण्याआधी पाणी कमी करून पाहावं. थोडे दिवस पाणी तोडलं, म्हणजे ताण दिला, की झाड फुलोऱ्यावर येतं. बागायतदार याच युक्तीने बहर धरतात. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबिया, जून-जुलैचा मृग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त. फुलापासून फळ हाती यायला साधारण पाच-सहा महिने लागतात. म्हणजे हस्त बहराची लिंबं ऐन उन्हाळ्यात येतात, तेव्हा बाजारात भाव चढलेला असतो. कुंडीतल्या झाडाला ताण बेताने द्यावा. पानं थोडी मलूल दिसू लागली की थांबावं. फळं वाटाण्याएवढी असताना पुष्कळशी गळतात, त्याने घाबरून जाऊ नये. झाड स्वतःच ओझं कमी करत असतं.

पिवळी पानं वाचायची कशी

"डॉक्टर, झाड पिवळं पडलंय, काय टाकू?" हा प्रश्न मला रुग्णांइतकाच शेजारीही विचारतात. उत्तर एकच, कुठलं पान पिवळं आहे ते आधी सांगा.

जुनी, खालची पानं सरसकट पिवळी होत असतील तर नत्र कमी पडत असावं. कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत द्यावं. कुंडीला महिन्याला दोन मुठी पुरेत. शेंड्याची नवी पानं बारीक आणि शिरांच्या मधे पिवळे ठिपके-पट्टे असलेली येत असतील तर जस्त कमी आहे. नवी पानं पिवळी फटफटीत पण शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता.

या शेवटच्या पानाकडे मी जरा जास्त वेळ बघतो, कारण ते माझ्या ओपीडीतल्या रुग्णासारखं आहे. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह नसतं असं नाही, भरपूर असतं. पण चुन्यामुळे ते अशा रूपात अडकतं की मुळांना उचलता येत नाही. बोअरचं जड पाणी त्यात भर घालतं. माणसाचंही तसंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. त्यातल्या पुष्कळजणी भाकरी, डाळ, पालेभाजी रोज खातात. त्या जेवणात लोह असतं, पण वनस्पतीतलं लोह आतड्याला सहज उचलता येत नाही, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर त्याहूनही कमी उचललं जातं.

जेवणात थोडा आंबटपणा आणि क जीवनसत्त्व असलं की हे लोह विरघळत्या, शोषता येणाऱ्या रूपात येतं. वरण-भातावर, पोह्यांवर, मेथीच्या भाजीवर लिंबू पिळायची आपली रीत चवीची आहे आणि शहाणपणाचीही. मात्र भाजी आचेवरून उतरवल्यावर पिळावं. शिजवताना घातलं तर उष्णतेने क जीवनसत्त्व बरंचसं जातं.

इथे एक खरं सांगून टाकतो. लिंबू म्हणजे क जीवनसत्त्वाचं कोठार, हा समज वाढवून सांगितलेला आहे. शंभर मिलिलिटर लिंबाच्या रसात ते साधारण ३० मिलिग्रॅम असतं आणि एका कागदी लिंबातून रस निघतो तो तीन-चार चमचे. आपली रोजची गरज त्याच्या कितीतरी पट आहे. आवळा आणि पेरू याबाबतीत लिंबाच्या फार पुढे आहेत. म्हणून लिंबू रोज खावं, पण त्याच्या जोडीला पेरूही खावा. हिमोग्लोबिन फारच कमी असेल तर लोहाच्या गोळ्यांना लिंबू हा पर्याय नाही, जोड आहे.

झाडाच्या लोहाचं काय? भरपूर सेंद्रिय खत, खोडापासून दूर पाचोळ्याचं आच्छादन, शक्य असेल तेव्हा साठवलेलं पावसाचं पाणी, आणि तरी सुधारलं नाही तर कृषी केंद्रात मिळणारं सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण, पुडक्यावर लिहिलेल्या मापानेच.

अळी, नागअळी, खैऱ्या

आता ज्या अळ्यांपायी बाटली घरात आली, त्यांच्याकडे वळू.

लिंबोणीच्या कोवळ्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा काळपट-पांढरा ठिपका दिसला तर नीट बघा, तो हलतो. ती लिंबावरच्या फुलपाखराची लहान अळी. शत्रूने खाऊ नये म्हणून तिने घेतलेलं ते सोंग आहे. मोठी झाली की ती हिरवीगार होते. काडीने डिवचली तर डोक्यामागून नारिंगी रंगाचं दुटोकी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. दिसायला भीतिदायक, पण ती चावत नाही, डसत नाही. कढीपत्त्यावरही बहुधा हीच असते. अळीपण दोन-तीन आठवड्यांचं. मोठ्या झाडाला ती चार पानं परवडतात, नवी पालवी येते. रोप लहान असेल तर सकाळी पानं उलटून बघावीत आणि अळ्या काडीने उचलून टाकाव्यात. रोजचं पाच मिनिटांचं काम. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान दिला त्या ब्लू मॉरमॉनच्या अळ्याही लिंबूवर्गीय झाडांची पानं खाऊनच मोठ्या होतात. हे कळल्यापासून आमची बायको एक फांदी अळ्यांसाठी राखून ठेवते.

पानावर चांदीच्या रंगाच्या नागमोडी रेघा दिसल्या आणि पान आक्रसलं तर ती नागअळी. ती पानाच्या पापुद्र्यात असते, वरून मारलेलं सहसा तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. तशी पानं खुडून पिशवीत बांधून टाकावीत.

पानं, फांद्या आणि फळांवर खरखरीत तपकिरी खपल्या आणि पानावर त्यांच्याभोवती पिवळं वलय दिसलं तर तो खैऱ्या. हा जिवाणूंचा रोग आहे, पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर पसरतो आणि नागअळीने केलेल्या जखमांतून आत शिरतो. त्यावर कीटकनाशक फवारणं म्हणजे मोडलेल्या हाडावर तापाची गोळी. पावसाळ्यापूर्वी रोगट फांद्या कापून नष्ट कराव्यात, कात्री दर वेळी स्पिरिटने पुसावी, फांद्यांची दाटी कमी करावी. खैऱ्याचे डाग असलेलं लिंबू खाल्ल्याने माणसाला काही होत नाही. रस तोच, चव तीच.

पानं चिकट होऊन त्यांवर काजळी धरली तर पानामागे मावा किंवा माशी रस शोषत बसलेली असणार. पाण्याचा जोरदार फवारा मारावा, नंतर एक लिटर पाण्यात चमचाभर सौम्य द्रवरूप साबण मिसळून संध्याकाळी फवारावं. गरज लागली तर पाच टक्के निंबोळी अर्क. ५० ग्रॅम निंबोळीची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून ताजा वापरावा. मात्र कडुनिंब नैसर्गिक म्हणून निर्धास्त राहू नये. निंबोळीचं तेल तान्ह्या मुलांच्या पोटात गेलं तर झटके आणि मेंदूला सूज येऊ शकते. ती बाटलीही कुलपातच हवी.

झाडाकाठी दवाखान्याच्या चार गोष्टी

काटा. लिंबोणीचा काटा खोल जातो. जखम साबण-पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताच्या लशीची मुदत तपासावी. छाटणी करताना साधा चष्मा तरी लावावा. डोळ्याला काटा किंवा पान लागून डोळा लाल झाला तर घरातले जुने थेंब घालू नयेत. अशा जखमेत बुरशीचा संसर्ग होतो आणि स्टिरॉइडचे थेंब तो भडकवतात. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावं.

ऊन आणि रस. लिंबाच्या सालीतली आणि रसातली काही द्रव्यं त्वचेवर राहिली आणि वर ऊन पडलं, तर एक-दोन दिवसांत भाजल्यासारखे फोड येतात आणि काळे डाग महिनोन् महिने राहतात. चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात जाणाऱ्या मुलींमध्ये हे दिसतं. लिंबं पिळल्यावर हात धुऊनच बाहेर पडावं.

कुंडीखालची थाळी. त्यात साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. ही अंडी कोरड्या थाळीतही काही महिने तग धरतात. म्हणून आठवड्यातून एकदा नुसतं पाणी ओतून चालत नाही, थाळी घासावी लागते.

आणि चौथी गोष्ट ती बाटली.

विषबाधा झालीच तर

रुग्णाला उलटी करवू नका. मिठाचं पाणी, दूध, ताक देऊ नका. आणि विष उतरावं म्हणून लिंबूपाणीही पाजू नका. आमच्याकडे येणाऱ्या किती रुग्णांना वाटेत ते पाजलेलं असतं! अर्धवट शुद्धीत ते फुप्फुसात जातं आणि विषाबरोबर न्यूमोनियाही उपचाराला येतो. अंगावर विष सांडलं असेल तर कपडे काढून साबणाने अंग धुवा, तुमच्या हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून. गुंगी असेल तर डाव्या कुशीवर झोपवा. १०८ ला फोन करा. मूळ डबा किंवा लेबल सोबत आणा. उपचार कशावर करायचा हे त्यावरून ठरतं. आणि दुसऱ्या दिवशी रुग्ण उठून बसला म्हणून घरी नेण्याची घाई करू नका. या विषात एक ते चार दिवसांनंतरही मान आणि श्वासाचे स्नायू अचानक ढिले पडू शकतात.

अजून एक गोष्ट जड मनाने लिहितो. 'औषध प्यायला' म्हणून येणाऱ्या मोठ्या माणसांपैकी पुष्कळजण नंतर सांगतात, आधी काही ठरवलं नव्हतं, भांडण झालं, रागाचा भर होता आणि बाटली समोर होती. ती समोर नसती तर ती वेळ टळून गेली असती. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातल्यावर तिथल्या आत्महत्या खूप कमी झाल्या. घरात कुणाचं मन खचलेलं दिसलं तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र कधीही मोफत बोलता येतं. आणि बाटली त्या घरात नसावी.

ज्यांच्या घरात शेतीमुळे ती असणारच, त्यांनी ती मूळ डब्यातच ठेवावी, कधीही दुसऱ्या बाटलीत ओतू नये. डब्यावरचा रंगाचा त्रिकोण बघावा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे निर्विष नव्हे. राहत्या घराबाहेर कुलपाची पेटी करावी आणि किल्ली एकाकडेच असावी.

त्या सकाळी मी बाटली दोन पिशव्यांत बांधून डब्यात घातली, डब्यावर मोठ्या अक्षरांत 'विष' लिहिलं आणि तो कुलपात टाकला. भावाला फोन केला. तो म्हणाला, "दादा, आम्ही तर न्हाणीच्या फळीवर ठेवतो." त्याच फळीवर त्याच्या मुलाचं टूथब्रश असायचं. पुढच्या रविवारी मी डबा घेऊन गावी गेलो. आम्ही दोघांनी गोठ्याच्या भिंतीला उंचावर एक लोखंडी पेटी ठोकली. मूळ डबे तिच्यात गेले, माझी बाटलीही गेली आणि वर कुलूप लागलं.

लिंबोणीला त्या वर्षी पालवी परत आली. दिवाळीत पुतण्या आला तेव्हा तीन अळ्या शिल्लक होत्या. त्याने त्यातली एक पानासकट काचेच्या बरणीत ठेवली, तोंडाला फडकं बांधलं आणि रोज ताजी पानं दिली. तो परत जाण्याच्या आदल्या सकाळी बरणीत कोष होता. मग रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा, "काका, निघालं का?"